पडायचा सराव



मांडव्याच्या जेट्टीवर दुपारचं उभं राहिलं की खारा वारा थेट तोंडावर येतो. पदर आवरता आवरत नाही. अशा वाऱ्यात कधी वर बघा. पांढऱ्या डोक्याची, तांबड्या पाठीची ब्राह्मणी घार एकाच जागी टांगून ठेवल्यासारखी दिसते. पंख हलवत नाही, पुढं जात नाही, खालीही येत नाही. लाँचची वाट बघणारी मुलं म्हणतात, "घार थांबली." घार थांबलेली नसते. ती वाऱ्यातून पुढं सरकत असते आणि वारा तिला तेवढाच मागं लोटत असतो. दोन्ही हिशोब बरोबरीत सुटतात, म्हणून आपल्याला ती थांबलेली दिसते. आजच्या गोष्टीतलं शास्त्र जवळजवळ एवढंच आहे. बाकी सगळी माणसांची गोष्ट.

ही गोष्ट सांगायचं कारण असं घडलं. आपल्या श्रोता गटातल्या एक ताई आहेत, मासळी विकतात. त्यांची मुलगी अलिबागला कॉलेजात शिकते. तिनं मोबाइलवर विमानातून उडी मारणाऱ्या बायका पाहिल्या आणि तिच्या डोक्यात ते बसलं. आपल्याकडं वरसोली-नागावच्या किनाऱ्यावर बोटीला दोरी बांधून पॅरासेलिंग करतात, तसलं नाही हं. विमानातून खरीखुरी उडी, आधी नुसतं पडत राहायचं आणि मग छत्री उघडायची. आईनं मला विचारलं, "बाई, हिला पोहायला शिकवलं तेव्हा हिच्या बापानं पाठीला डबा बांधून विहिरीत सोडलं होतं. पडायला शिकताना डबा कुठला बांधणार?"

मी त्या दिवशी गप्प बसले, कारण उत्तर मला ठाऊक नव्हतं. पण प्रश्न अगदी नेमका होता. पोहणं उथळ पाण्यात शिकता येतं. सायकल कुणीतरी मागून धरतं. पोळी बिघडली तर गाईला घालता येते. पण थोडंसं पडून बघणं, अर्धं पडून परत येणं, हे कसं जमणार? दीडशे-दोनशे वर्षं उडी मारणाऱ्यांना त्याचं उत्तर नव्हतं. पहिली उडी हाच पहिला धडा, आणि चुकलं तर तोच शेवटचा.

पॅरिसमध्ये १७९७ साली आंद्रे-जाक गार्नरॅं नावाच्या माणसानं फुग्यातून कापडी छत्री घेऊन उडी मारली. दोन वर्षांनी, १७९९ च्या ऑक्टोबरात, जान-जेनेव्हिएव्ह लाब्रोस या तरुण मुलीनं सुमारे ९०० मीटर उंचीवरून तीच गोष्ट केली. छत्रीनं उतरणारी ती पहिली बाई. पुढं तिनं गार्नरॅंशीच लग्न केलं. त्यानंतर शंभर वर्षं हा जत्रेतला खेळ राहिला. फुगा वर जायचा, लोक माना वर करून बघायचे, बाई किंवा बुवा उडी मारायचे.

हा खेळ आपल्या देशातही आला. कलकत्त्याच्या रामचंद्र चटर्जींनी १८९० साली छत्रीनं उडी मारली, ते पहिले भारतीय. आणि १८९२ साली ढाक्याच्या नवाबानं अमेरिकेतून आलेल्या एका मंडळींना खेळासाठी बोलावलं. त्यात जिनेट व्हॅन टॅसेल नावाची तरुण बाई होती. बुरीगंगा नदीच्या काठावरून फुगा सोडला. नवाबाच्या वाड्याच्या गच्चीवर उतरायचं असा बेत होता. वाऱ्यानं बेत ऐकला नाही. त्यानं तिला पार शाहबागेकडं नेलं आणि तिची छत्री एका उंच झाडात अडकली. म्हणजे आकाशातून ती जिवंत, धडधाकट खाली आली होती. मग तिला उतरवायला लोकांनी बांबूला बांबू बांधून वर धरले. ती त्यावरून उतरायला लागली आणि बांधलेले बांबू सुटले. त्या पडण्यात ती गेली. ढाक्यातल्या ख्रिस्ती दफनभूमीत तिला पुरलं.

ही गोष्ट वाचल्यापासून माझ्या मनातून जात नाही. आभाळानं तिला सोडलं आणि झाडानं धरलं. उतरणं मात्र कुणी शिकवलंच नव्हतं, तिलाही नाही आणि खालच्या लोकांनाही नाही. हे पुढं पुन्हा येणार आहे.

आता एका आईची गोष्ट सांगते. अमेरिकेत नॉर्थ कॅरोलायना भागात १८९३ साली एक मुलगी जन्मली. जन्मताना वजन जेमतेम तीन पौंड, म्हणजे दीड किलोच्याही आत. म्हणून तिचं नाव पडलं टायनी, आपल्याकडं 'चिमी' म्हणावं तसं. मोठी झाली तरी उंची चार फुटांच्या थोडी वर. बाराव्या वर्षी लग्न, तेराव्या वर्षी पदरात मूल, आणि कापडगिरणीत काम. एकदा जत्रेत तिनं चार्ल्स ब्रॉडविकच्या मंडळीचा फुग्याचा खेळ पाहिला आणि जाऊन म्हणाली, मला घ्या. आईनं परवानगी दिली. मूल आजीपाशी राहिलं आणि पोरगी जत्रेबरोबर निघाली. पंधरा वर्षांची असताना तिनं पहिली उडी मारली. आपल्यापैकी कितीजणींनी असा होकार दिला असता? मी दिला नसता, खोटं कशाला बोलू. पण त्या आईपुढं दुसरा रस्ता गिरणीचा होता, हेही विसरून चालणार नाही.

हीच टायनी ब्रॉडविक १९१३ साली लॉस एंजेलिसवर विमानातून उडी मारणारी पहिली बाई ठरली. पुढच्या वर्षी ती सैन्याच्या अधिकाऱ्यांना छत्री दाखवत होती. तेव्हा छत्री उघडायला विमानाला बांधलेली दोरी असायची. माणूस खाली गेला की दोरी ताणली जाऊन छत्री आपोआप उघडे. एका उडीत ती दोरी विमानाच्या शेपटीत गुरफटली होती. पुढच्या उडीला टायनीनं दोरी तोडूनच टाकली, थोडी पडली आणि हातानं दोर ओढून छत्री उघडली. दोरीशिवाय मुद्दाम पडून बघितलेली ही विमानातली पहिली उडी मानतात.

पण शहाण्या लोकांना ते पटलं नाही. तेव्हाचा पक्का समज असा, की माणूस मोकळा पडला तर त्याचा श्वास कोंडेल, शुद्ध जाईल आणि दोर ओढायला हात उठणार नाही. १९१९ साली डेटन गावच्या मैदानावर लेस्ली आयर्विननं पाठीवरच्या छत्रीनं मोकळी उडी मारून दाखवली, तेव्हा हा समज मोडला. बिचाऱ्याचा घोटा मोडला तो उतरताना. पडताना नाही, उतरताना. लक्षात आलं ना?

शुद्ध जात नाही हे कळलं, पण पडताना अंग कसं ठेवायचं ते कळायला आणखी तीस वर्षं गेली. लोक गोल गोल गिरक्या घेत, भोवऱ्यासारखे फिरत खाली येत. फ्रान्सच्या लिओ व्हॅलेंटिननं १९४० च्या दशकाच्या शेवटी पोट खाली, अंग कमानीसारखं, हातपाय पसरलेले अशी बैठक शोधली आणि माणूस हवेत स्थिर राहू लागला. आजही पहिल्या दिवशी हीच कमान शिकवतात. योगासनं करणाऱ्या मैत्रिणींना पटकन कळेल: भुजंगासनातली छाती आणि शलभासनातले पाय, फक्त गुडघे थोडे दुमडलेले. कंबर पुढं, हनुवटी वर.

ही कमान शिकायची कुठं? एका उडीत नुसतं पडण्याचा वेळ किती असतो, तर तेरा हजार फुटांवरून उडी मारली आणि पाच हजारांवर छत्री उघडली तर पाऊण ते एक मिनिट. एवढ्यासाठी विमान, पेट्रोल, वैमानिक, छत्रीची घडी घालणं, हवामानाची वाट बघणं. त्यात पहिल्या दोन-चार उड्यांत माणूस इतका घाबरलेला असतो की काय शिकलो ते आठवतच नाही. दहा उड्या मारल्या तरी सराव जेमतेम दहा मिनिटांचा. दहा मिनिटांत कुणाला सायकल तरी येते का?

इथं ती घार मदतीला आली. पोटावर पडणारा माणूस दहा-बारा सेकंदांत ताशी सुमारे १९० किलोमीटर वेग गाठतो आणि मग तो वेग वाढत नाही. खालून लागणारी हवा आणि त्याचं वजन यांचा हिशोब बरोबरीत सुटतो. आता उलटं करा. माणसाला पाडू नका, हवाच ताशी १९० किलोमीटरनं खालून वर सोडा. माणूस जागच्या जागी तरंगेल, जेट्टीवरच्या घारीसारखा. एसटीच्या खिडकीतून हात बाहेर काढला की तळवा कसा वर उचलला जातो, तेच सगळ्या अंगाचं. कंडक्टर ओरडतो ते बरोबरच आहे, पण आपल्या सगळ्यांचा पहिला प्रयोग त्या खिडकीतच झालेला असतो.

असं वारा सोडणारं भुयार बांधायची कल्पना जुनी. १८७१ साली इंग्लंडात फ्रान्सिस वेनहॅमनं पहिलं केलं, ते आडवं होतं. १९०१ साली डेटनच्या राइट बंधूंनी सायकलच्या दुकानात एक लाकडी खोकं केलं, सहा फूट लांब, टोकाला पंखा, आणि त्यात पंखांचे दोनशेच्या आसपास नमुने तपासले. आधीच्यांनी छापलेले आकडे त्यांच्या अनुभवाशी जुळत नव्हते, म्हणून स्वतः मोजायला बसले. दोन वर्षांनी त्यांचं विमान उडालं. त्यांची बहीण कॅथरीन शाळेत लॅटिन शिकवायची आणि घर सांभाळायची, हे मात्र शाळेच्या पुस्तकात आपण वाचलेलं नसतं. पुढं उभं भुयार आलं ते विमानासाठी. गिरक्या घेत कोसळणारं विमान सावरतं कसं, हे बघायला अमेरिकेतल्या लँग्ले इथं विमानांचे छोटे नमुने उभ्या वाऱ्यात सोडत.

आणि १९६४ साली, पुन्हा डेटनलाच, राइट बंधूंचंच नाव असलेल्या हवाई तळावर जॅक टिफनी नावाचा माणूस अशा उभ्या वाऱ्यात स्वतः तरंगला. तो पहिला. मग १९८२ च्या सुमारास कॅनडाच्या जाँ सेंट जर्मेन यांच्या कल्पनेवरून अमेरिकेत लास वेगास आणि पिजन फोर्ज इथं लोकांना पैसे देऊन तरंगायची सोय झाली. पंखा खाली, वर जाळी, बाजूला मऊ गाद्या. वाऱ्याच्या झोतातून सरकलं की बाजूच्या गादीवर. १९९८ मध्ये ऑरलँडोला नवी रचना आली: पंखे वर, हवा खालून ओढून घेणारी, आणि भोवती भिंत. झोतातून बाहेर पडायची भीती गेली. आज जगभर जी काचेची उभी नळकांडी दिसतात ती बहुतेक याच वंशाची. २००६ मध्ये ट्यूरिनच्या हिवाळी ऑलिंपिकचा निरोप-समारंभ ज्यांनी टीव्हीवर पाहिला, त्यांना वाऱ्यावर तरंगणारी माणसं आठवत असतील.

आत गेल्यावर काय होतं ते ऐका. आधी हातातल्या बांगड्या, गळ्यातलं मंगळसूत्र, कानातलं, सगळं काढून ठेवायचं. सुटलेली वस्तू त्या वाऱ्यात गोळीसारखी जाते. केस घट्ट बांधून शिरस्त्राणात. डोळ्यांवर चष्मा, कानात बोळे, अंगात एकसंध झगा. गरोदर बाईला आत सोडत नाहीत आणि खांदा निखळण्याची सवय असलेल्यांनाही नाही, कारण वाऱ्यानं हात मागं ओढला जातो. दारात उभं राहून हात वर करून पुढं झुकायचं. उडी मारायची नाही, नुसतं अंग सोडायचं. बायकांना हेच सगळ्यात अवघड जातं म्हणतात, आणि पुरुषांना त्याहून. आवाज इतका की बोलणं ऐकू येत नाही, म्हणून शिकवणारा बोटांनी बोलतो. दोन बोटं सरळ दाखवली की पाय सरळ कर. तीच दोन बोटं वाकवली की गुडघे दुमड. अंगठा आणि करंगळी पसरून हात हलवला की अंग सैल सोड. एकावेळी एक-दोन मिनिटं, मग बाहेर, दुसऱ्याची पाळी. कोपरापासूनचा एक हात थोडा खाली केला की माणूस वळतो. पाय लांब केले की पुढं सरकतो.

उघड्या आभाळात आपण मागं सरकतोय हे कळतच नाही, कारण जवळ खूण नसते. इथं दोन हातांवर भिंत असते. चूक लगेच अंगाला लागते. तासभर आत राहिलं तर साठेक उड्यांइतकं पडणं होतं. म्हणून शिकणाऱ्याला आधी भुयारात घालतात.

आता आपल्या माणसांकडं येऊ. आपल्या देशात ही सोय फार उशिरा आली. १९५९ च्या जुलैत आग्र्याला हवाई दलाच्या डॉक्टर, फ्लाइट लेफ्टनंट गीता चंदा यांनी विमानातून उडी मारली, छत्रीधारी झालेल्या त्या पहिल्या भारतीय बाई. तेव्हा जगात कुठंच माणसानं तरंगायचं भुयार नव्हतं. रेचल थॉमस यांनी १९७९ मध्ये उडी मारली, मोकळ्या खेळात उतरलेल्या पहिल्या भारतीय बाई त्याच. पुढं २००२ मध्ये त्या उत्तर ध्रुवावर उतरल्या.

आणि पुण्याच्या शीतल महाजन. त्यांची गोष्ट ऐकली की मला अजून काटा येतो. १८ एप्रिल २००४ ला, वयाच्या एकविसाव्या वर्षी, त्यांनी उत्तर ध्रुवावर २४०० फुटांवरून उडी मारली. थंडी उणे ३७ अंश. आणि ती त्यांच्या आयुष्यातली पहिली उडी होती. पहिली! आधी एकही सराव-उडी नाही. डबा न बांधता विहिरीत नव्हे, थेट दर्यात. आपण टाळ्या वाजवतो, वाजवाव्यातच. पण मी आई म्हणून विचार करते तेव्हा हात टाळीच्या मध्येच थांबतो.

पुढं त्या रीतसर शिकल्या आणि २००६ च्या डिसेंबरात दक्षिण ध्रुवावर ११,६०० फुटांवरून मोकळं पडत उतरल्या. २००८ मध्ये पुण्यात गरम हवेच्या फुग्यात, जमिनीपासून साडेसातशे फुटांवर, लग्न लावलं. २०११ मध्ये पद्मश्री. जुळ्या मुलांची आई झाल्यावरही उड्या थांबल्या नाहीत. २०१८ च्या फेब्रुवारीत थायलंडला त्यांनी नऊवारी नेसून तेरा हजार फुटांवरून उडी मारली. काष्टा सुटू नये म्हणून पिना आणि चिकटपट्ट्या लावल्या होत्या. मघाशी सांगितलेला ताशी १९० किलोमीटरचा वारा आठवा आणि मग आपण लग्नात काष्टा सावरत कशा फिरतो ते आठवा. २०२३ च्या नोव्हेंबरात त्यांनी एव्हरेस्टच्या परिसरात २१,५०० फुटांवरून उडी घेतली.

आपल्या सैन्याचं पहिलं उभं भुयार सुरू झालं ते २०२४ च्या जूनमध्ये, हिमाचलातल्या बकलोह इथल्या विशेष दलांच्या प्रशिक्षण शाळेत. गीता चंदांच्या उडीनंतर पासष्ट वर्षांनी. अलीकडं हैदराबादच्या बाहेर सामान्य लोकांसाठीही एक झालं आहे, आणि पैसेवाली मंडळी दुबईलाही जातात. पैशाचं तर बोलायलाच नको. तिथली काही मिनिटं म्हणजे आपल्या बचत गटातल्या कित्येक महिन्यांची वर्गणी. वारा फुकट, पण बंद नळीतला वारा फार महाग.

हे सगळं वाचून मी ताईंकडं गेले. म्हटलं, डबा सापडला. त्यांनी नीट ऐकून घेतलं आणि विचारलं, "त्या नळीत छत्री उघडायला शिकवतात का?"

नाही. अर्ध्या गोष्टी तिथं शिकवता येत नाहीत. तिथं उंची नाही, म्हणून उंचीचं भय नाही. मनगटावरचा उंचीमापक बघत राहायची सवय लागत नाही. उलट तरंगण्याच्या मजेत घड्याळ विसरायची सवय लागू शकते, आणि आभाळात ती जिवावर बेतते. छत्री उघडणं, बिघडली तर ती सोडून दुसरी उघडणं, खालचा वारा ओळखून मोकळ्या जागी उतरणं, यातलं काही नाही. आणि या खेळातल्या बऱ्याच अपघातांत छत्री नीट उघडलेली असते. घात होतो तो शेवटच्या शे-दोनशे फुटांत. ढाक्याची जिनेट, डेटनचा आयर्विनचा घोटा. म्हणून भुयारात पन्नास वेळा तरंगलेल्या मुलीनं आपल्याला उडी येते असं समजू नये, आणि कुणी तसं सांगून पैसे मागत असेल तर तिथून उठावं. शिकवणाऱ्याचा परवाना बघावा, छत्र्या कधी तपासल्या ते विचारावं, विचारायला लाजू नये.

ताई म्हणाल्या, "उतरायचं ते वारा बघूनच ना? मग ते तिला थोडं येतंय. बापाबरोबर होडीत वाढली ती." हे माझ्या कुठल्याच वाचनात नव्हतं. मतलई कधी पडते, खारा कधी सुटतो, पाण्यावरच्या सुरकुतीवरून वाऱ्याची दिशा कशी ओळखायची, हे छत्रीवाल्याला शिकावं लागतं आणि आपल्या कोळीवाड्यातलं पोर ते घेऊनच मोठं होतं. परीक्षेत त्याचे मार्क मिळत नाहीत, ती गोष्ट वेगळी.

होकार अजून दिलेला नाही. आधी पदवी पूर्ण कर, मग बघू, असं ठरलंय. पैशाचं कसं जमायचं हा प्रश्न तसाच आहे. पण मुलीनं मला विचारून ती बोटांची भाषा पाठ केली आहे. रोज संध्याकाळी ती खाटेवर पालथी पडून कमान करते आणि धाकटा भाऊ समोर उभा राहून दोन बोटं दाखवतो, कधी सरळ, कधी वाकडी. आजीला यातलं काही सांगितलेलं नाही. ती शेजारणीला सांगत होती, पोरीच्या पोटात रोज याच वेळेला दुखतं, ओवा देऊन बघितला तरी गुण नाही.